चंपाच्या चुकांची वही

भाईंदर पूर्वेला नवघरच्या शाळेतले बाबाजी घाग गुरुजी मुलांना कधी मारत नसत. पण एखादं पोर 'पानी' म्हणालं, की ते हातातलं काम थांबवायचे आणि त्याच्याकडून दहा वेळा 'पाणी' म्हणवून घ्यायचे. पहिलीत येणारी बहुतेक पोरं मिठागरांवर राबणाऱ्या आगरी घरांतली. त्यांच्या तोंडी 'हाय' आणि 'न्हाय'. वर्ष संपेपर्यंत ती शाळेत 'आहे', 'नाही' म्हणायला लागत आणि घंटा झाली की फाटकाबाहेर पुन्हा आपल्या बोलण्यावर येत.

गुरुजी स्वतः रत्नागिरीकडच्या एका खेड्यातले. शिक्षकाच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी वर्गात उभं राहून त्यांनी 'मला ठावं नाय' असं उत्तर दिलं होतं. सगळा वर्ग हसला आणि शिकवणारे मास्तरही हसले. पुढचे सहा महिने ते कोणाशी फारसं बोललेच नाहीत. बोलायचं ते वाक्य आधी मनात जुळवायचं, तपासायचं आणि मग तोंड उघडायचं, ही सवय तिथे लागली ती कायमची.

भाईंदरला नोकरी लागल्यावर त्यांनी नवघरमध्ये रुक्मिणीबाई म्हात्र्यांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. म्हात्र्यांची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. १९६१च्या श्रावणात गुरुजींना मुलगी झाली. तिचं नाव चंपा ठेवलं. ही मुलगी कुठेही उभी राहून बोलेल आणि तिला कोणी हसणार नाही, असं गुरुजींनी तेव्हाच ठरवून टाकलं.

चंपा तीन वर्षांची व्हायला आली तसं तिचं तोंड दिवसभर चालू लागलं. रुक्मिणीबाईंच्या मांडीवर बसून ती 'न्हाय' म्हणायची, आईपाशी आली की 'नाय', आणि वडील दिसले की 'नाही'. हे गुरुजींना खपण्यासारखं होतं. पण ती अशी काही रूपं बोलायची, जी त्या घरात कोणीच बोलत नव्हतं. 'मी भाकरी करली.' 'आई येली.' १९६४च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गुरुजींनी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'चुकीचे', उजवीकडे 'बरोबर'. रोज संध्याकाळी शाळेतून आले की ते चंपाला समोर बसवायचे आणि दिवसभराच्या चुका तिच्याकडून सुधारून घ्यायचे. तारीख, वार, चूक, दुरुस्ती, असं सगळं टाकाने सुवाच्य अक्षरात.

बायको सुगंधा चुलीपाशी बसून हे ऐकायची. एकदा ती म्हणाली, "अहो, आपसूक येईल तिला. एवढीशी हाय ती."

"आपसूक मला आलं नाही," गुरुजी म्हणाले.

बाकीच्या चुका कमी होत गेल्या, पण 'करलं' काही जाईना. समोर बसवलं की चंपा 'केलं' म्हणायची आणि उठून दोन पावलं गेली की 'बाबा, मी काम करलं'. १९६५च्या जानेवारीत एका संध्याकाळी गुरुजींचा धीर सुटला. त्यांनी तिला भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं, "नीट म्हणशील तेव्हा बसायचं." चंपा पाऊण तास उभी राहिली. शेवटी रडत रडत 'केलं, केलं, केलं' म्हणाली. गुरुजींनी वहीत तसं लिहिलं. जेवताना तिने आईला सांगितलं, "आई, मी बरोबर करलं."

त्यानंतर तीन आठवड्यांनी तिला ताप आला. घसा सुजला, आत पांढरा पापुद्रा धरला. घटसर्प होता. भाईंदर पश्चिमेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी मुंबईला न्यायला सांगितलं. इस्पितळात दोन दिवस ती होती, पण आवाज पार गेला होता. ओठ हलायचे, काय म्हणते ते कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

घरी परतल्यावर सुगंधाने ती वही फळीवरून काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि ट्रंकेच्या तळाशी घातली. "ही पुन्हा माझ्यासमोर काढू नका," एवढंच ती म्हणाली. पुढे दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली, सुलू. तिच्यासाठी गुरुजींनी वही केली नाही. चंपाचं नाव घरात निघत नसे. सुलूला एवढंच ठाऊक होतं, की आपल्याआधी एक ताई होती.

रुक्मिणीबाईंचा मुलगा अमृत गुरुजींचाच विद्यार्थी. चंपा होती तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. अभ्यासाला म्हणून गुरुजींकडे बसायचा तेव्हा त्याने ती वही कितीदा तरी पाहिली होती. पुढे तो मुंबईला शिकला, भाषाशास्त्रात एम.ए. झाला आणि तिथेच संशोधन करू लागला. मूल बोलायला कसं शिकतं, हा त्याचा विषय. त्या विषयावर काम करणारी दहा-पंधरा माणसं महिन्यातून एका रविवारी जमायची, कोणीतरी निबंध वाचायचं आणि मग त्यावर वाद व्हायचा. मानसशास्त्राच्या प्राध्यापिका विमलाबाई त्या बैठकांच्या अध्यक्ष असत.

१९७४च्या जानेवारीत अमृत गुरुजींकडे आला. सुगंधा सुलूला घेऊन बाजारात गेली होती.

"गुरुजी, चंपाची वही आहे का अजून?"

"आहे. का?"

"मराठी मुलांची अशी रोजची नोंद कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. बाहेरच्या देशांत लोक यावर ग्रंथ लिहितायत. आमच्याकडे दहा वाक्यं नाहीत. आणि तुमच्याकडे आठ महिन्यांची वही आहे."

"अरे, ती चुकांची वही आहे."

"म्हणूनच हवी आहे," अमृत म्हणाला.

गुरुजींना त्याचं म्हणणं समजलं नाही. पण चंपाचं काहीतरी कोणालातरी हवं आहे, हे नऊ वर्षांत पहिल्यांदा कानावर पडत होतं. सुगंधा परत आल्यावर त्यांनी तिला विचारलं. तिने पिशवीतली भाजी काढून ठेवली, आवरलं, मग म्हणाली, "तुमची वही हाय. तुम्ही काय ते करा. मला वाचून दाखवू नका म्हणजे झालं."

फेब्रुवारीतली बैठक भाईंदरलाच घ्यायची, असं अमृतने ठरवून आणलं. इथे एका गल्लीत आगरी, कोकणी, गुजराती, मारवाडी, ख्रिस्ती अशा घरांतली मुलं एकत्र खेळतात, ती प्रत्यक्ष बघा, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. पश्चिमेला वाचनालयाच्या माडीवरची खोली मिळाली. बाकं मांडली, खडू-फळा आणला.

गुरुजींनी पंधरा दिवस खपून वहीतल्या निवडक नोंदी स्वच्छ कागदांवर उतरवून काढल्या. भिंतीशी उभं केल्याची ओळ त्यांनी गाळली. बैठकीच्या दिवशी इस्त्रीचं धोतर, काळा कोट घालून, मूळ वहीही बरोबर घेऊन ते निघाले. त्यांना वाटलं होतं एकटंच जायचं आहे. माडीवर पोचून बघतात तो शेवटच्या बाकावर रुक्मिणीबाई आणि त्यांच्या शेजारी सुगंधा बसलेली. रुक्मिणीबाईच तिला घेऊन आल्या होत्या. "माज्या पोराची सभा हाय, मला एकटीला लाज वाटतं," असं सांगून.

गुरुजींनी वाचायला सुरुवात केली. आवाज शाळेतल्यासारखा लागला. तारीख, मुलीचं वय, तिचं वाक्य. आठ ऑगस्ट, वय तीन वर्षं, 'मी घर करलं'. एकवीस ऑगस्ट, 'आई येली'. मुंबईहून आलेले लोक भराभर लिहून घेत होते. मध्येच कोणी हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. एखाद्याला हवी ती वस्तू अचानक सापडावी तसं. गुरुजींचा वाचता वाचता गोंधळ झाला. या लोकांना चुकीचा एवढा आनंद का व्हावा?

वाचन संपलं. विमलाबाई साठीच्या आसपासच्या, पांढरी साडी, जाड चष्मा. त्यांनी कागदावरून नजर वर न करता विचारलं, "गुरुजी, तुमच्या घरात 'करलं' असं कोण म्हणतं?"

"कोणी नाही."

"शेजारी? मिठागरावरची माणसं?"

मागून रुक्मिणीबाई बोलल्या, "आमच्यात न्हाय कोन बोलत तसं. आमी बी केलंच बोलतो."

"मग तिने ते ऐकलं कुठे?"

गुरुजी म्हणाले, "तेच मला कधी कळलं नाही. मी पुष्कळ शोध घेतला. वाटायचं, मुद्दाम बोलते. हट्टाने."

विमलाबाई उठल्या आणि फळ्यापाशी गेल्या. त्यांनी खडूने लिहिलं: धर, धरलं. भर, भरलं. मग खाली लिहिलं: कर. आणि पुढची जागा मोकळी सोडली.

"तीन वर्षांच्या मुलीने हे दोन शब्द रोज ऐकले. पाणी भरलं, बोट धरलं. त्यावरून तिने मनाशी एक नियम बांधला. कोणी शिकवला नाही, कोणाला तो सांगताही आला नसता. आणि मग तो नियम तिने तिसऱ्या शब्दाला लावला. गुरुजी, ती चुकत नव्हती. ती विचार करत होती. नुसतं ऐकून म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडून 'करलं' येऊच शकत नाही. तो शब्द तिचा स्वतःचा आहे."

गुरुजी फळ्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलं होतं, आणि 'धरलं, भरलं' हे असं एकाखाली एक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"एक महत्त्वाची गोष्ट विचारायची आहे," विमलाबाई पुढे म्हणाल्या. "पुष्कळ मुलं आधी बरोबर बोलतात. मोठ्यांचं ऐकून 'केलं' म्हणतात. मग नियम सापडला की ते सोडून 'करलं' म्हणायला लागतात, आणि काही काळाने आपोआप परत येतात. तुमची मुलगी त्याआधी 'केलं' म्हणायची का?"

गुरुजींनी समोरचे कागद चाळले. मग मूळ वही उघडली. पहिलं पान, दुसरं पान.

"मला सांगता येणार नाही," शेवटी ते म्हणाले. "ती बरोबर बोलायची ते मी लिहिलं नाही. मी फक्त चुका लिहिल्या."

गुरुजींनी वही मिटली नाही. जानेवारीतलं पान काढलं आणि गाळलेली ओळ वाचली. "अकरा जानेवारी. 'करलं' साठी पाऊण तास उभी केली. रडून बरोबर म्हणाली." त्यांनी चष्मा काढला. "हे मी वगळलं होतं. पण तुम्ही शास्त्राचं काम करता, तर हे तुम्हाला माहीत असायला हवं. त्यानंतर महिन्याभरात ती वारली. ती विचार करत होती आणि मी तिला उभं केलं."

अमृत उठून त्यांच्याकडे येऊ लागला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून सुगंधा बोलली. बसूनच, पदर सारखा करत.

"म्हणायची ती. केलं म्हणायची."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. विमलाबाईंनी विचारलं, "तुम्ही आई का?"

"हो. सरूबाईचं लगीन झालं, रुक्मिणीबाईंच्या नणंदेचं, माघ महिन्यात. ही तेव्हा अडीच वर्षांची. मांडवात चिखल कालवून बसली होती. मला हाक मारली नि म्हणाली, 'आई, बघ, घर केलं.' हात केवढे भरवलेले. मी तसेच पुसले लुगड्याला. तेव्हा केलं म्हणाली. करलं नाय."

"नक्की आठवतं?"

"माझं दुसरं काय हाय आठवायला?"

विमलाबाईंनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. त्या कडक बाई होत्या आणि बरं वाटावं म्हणून खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. "बाई, दहा वर्षांपूर्वीची आठवण आम्हाला पुरावा म्हणून धरता येत नाही. वहीइतकी नाही."

"नका धरू," सुगंधा म्हणाली. "ह्यांनी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं. ती बरोबर बोलायची ते पण खूप हाय. ते माझ्यापाशी हाय."

बैठक पुढे दुसऱ्या निबंधावर गेली. घरी जाताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत नवरा-बायको शेजारी शेजारी उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "तू मला तेव्हा अडवलं का नाहीस?"

"अडवलं असतं," सुगंधा म्हणाली. "पण मला वाटायचं, तुम्ही शिकलेले. तुम्हाला ठाऊक असेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ताप त्याने नाय आला. ते मला तेव्हाही कळत होतं. पण कोणावर तरी रागवायचं होतं."

फाटक उघडलं. दोघं रूळ ओलांडून नवघरकडे चालू लागले.

त्यानंतर तीन महिने अमृत दर रविवारी दुपारी यायचा आणि सुगंधासमोर बसून ती सांगेल ते लिहून घ्यायचा. तिची अट एकच होती, की गुरुजींनी यात लिहायचं नाही. विमलाबाईंनीही परवानगी दिली होती, पण या नोंदी वेगळ्या ठेवायच्या आणि वर 'आईच्या आठवणीतून' असं स्पष्ट लिहायचं, या बोलीवर. दोन वर्षांनी लेख छापून आला तेव्हा ती पानं शेवटी जोडलेली होती, बारीक टाइपात. मूळ लेखात सगळा भर वहीवरच होता. सुगंधाला त्याचं काही वाटलं नाही.

शाळेतही थोडा फरक पडला. गुरुजी लिहिताना चुकलेलं अजून खोडायचे, पण बोलताना पोराला अडवणं त्यांनी सोडून दिलं. धाकू नावाचा एक मुलगा एकदा घाईघाईने काही सांगायला आला आणि अर्ध्यावर थबकून शब्द शोधू लागला. गुरुजी म्हणाले, "तुझ्या घरी बोलतोस तसं बोल. मला कळतं."

त्या रविवारांपैकी एक रविवार चैत्रातला. गुरुजी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसले होते. आतलं बोलणं ऐकू येत होतं. सुगंधा सांगत होती, "हे शाळेतून यायच्या वेळेला ती मला म्हणायची, 'मी लपते. बाबा आले की सांगू नको हं.' असंच म्हणायची, एकही शब्द चुकायची नाय. नि भाताच्या कणगीमागे जाऊन बसायची."

अमृतची पेन्सिल चालल्याचा आवाज आला. सुलू मध्येच म्हणाली, "मग बाबा शोधायचे तिला?"

गुरुजी सूप बाजूला ठेवून उठले आणि आत आले.

"मला वाटायचं, ती मला भिऊन लपते," ते म्हणाले. "दिवसभराच्या चुका विचारीन म्हणून. कणगीमागून परकराचा काठ दिसायचा. मी न पाहिल्यासारखं करून हातपाय धुवायला जायचो. म्हटलं, बसू दे थोडा वेळ."

"भीत नव्हती ती," सुगंधा म्हणाली. "वाट बघायची."

गुरुजी खाली बसले. सुलू त्यांच्याकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती.

"मग मी शोधायची," सुगंधा हळू म्हणाली. "तुम्ही विहिरीवर गेलात की मी शोधायची. हसायची ती. रोज शोधलं मी तिला."

अमृतने पेन्सिल थांबवली होती. त्याने विचारलं, "गुरुजी, हे लिहू?"

"तिचं वाक्य लिही," गुरुजी म्हणाले. "बाकीचं आमच्या घरातलं आहे."

अमृतने वाक्य लिहिलं आणि पुढे तिचं वय विचारलं. सुगंधा बोटांवर महिने मोजू लागली. तीन वर्षं पुरी, मग श्रावणापासून कार्तिकापर्यंत. गुरुजींनी मान हलवून तिचा हिशेब बरोबर असल्याचं सांगितलं, आणि सुलूने जवळ सरकून विचारलं, "आणि ताई अजून काय काय म्हणायची?"